ब्रेकबाईचा पाय

ब्रेकबाई हे नाव तिला गाडी शिकायला येणाऱ्यांनी दिलं. पाठीमागे दिलं, पण तिच्या कानावर यायला वेळ लागला नाही. शिकणारा स्टिअरिंगपाशी, ती शेजारच्या सीटवर, आणि तिच्या पायाशी दुसरा, तिचा स्वतःचा ब्रेक. उभं आयुष्य असं काढल्यावर पायाला वेगळं डोकं फुटतं. समोर कुत्रं आलं की तिच्या आधी पायाला कळायचं. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलं होतं आणि तिच्या या एका पायामुळे धडधाकट होतं, असं ती म्हणायची. कोणी ते खोडूनही काढलं नव्हतं.

अडचण एवढीच, की हा पाय सुट्टी घेत नसे. सिनेमात कोणी गाडी पिटाळली तरी तो दाबायचा, आणि पुढच्या खुर्चीतला माणूस मागे वळून बघायचा. लेकीने गाडी घेतली तेव्हा पहिली फेरी आईबरोबर मारली. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, रागावू नकोस. पण तू आपली बसने येत जा."

"का? मी एक शब्द तरी बोलले का?"

"बोलली असतीस तर परवडलं असतं. सगळा रस्ता तू नुसती दाबत होतीस. मला वाटत राहिलं, माझंच काहीतरी चुकतंय."

ते तिला लागलं. त्या दिवसापासून ती लेकीच्या गाडीत बसली नाही, आणि लेकीनेही आग्रह केला नाही.

तिची शाळेपासूनची मैत्रीण म्हणजे धांदल. हे नावही शाळेपासूनचंच. चष्म्यांचं दुकान होतं तिचं, आणि शटरलाच विसरलेली किल्ली शेजारचे दुकानदार आणून द्यायचे. ब्रेकबाईकडे ती गाडी शिकली, तीनदा नापास झाली आणि म्हणाली, "रस्त्यावर माणसं फार गं." मग तिने सरळ विमान शिकणाऱ्यांच्या क्लबात नाव घातलं. वर कोणी मधे येत नाही, हे तिचं कारण. लोक हसले. ती परवाना घेऊन आली.

आता शेजारी बसायला कोणी मिळेना. नवऱ्याची पाठ धरली, दिराला अचानक काम निघालं. मुलगा म्हणाला, "आई, आधी दुसऱ्या कोणालातरी ने, मग मी आहेच."

"तू येतेस?" धांदलीने विचारलं.

ब्रेकबाईच्या तोंडावर नाही आलंच होतं. पण जिच्यावर घरच्यांनीच विश्वास ठेवला नाही, तिला आपणही तेच दाखवायचं? "येते," ती म्हणाली.

मैदानापर्यंत अर्थात ब्रेकबाईनेच गाडी चालवली. पत्र्याच्या शेडबाहेर विमान उभं होतं, शेजारी बसलं तर खांद्याला खांदा घासेल एवढं. ती सवयीने डावीकडे गेली.

"ती माझी बाजू. तू पलीकडून."

आत बसून पट्टा लावला आणि तिने खाली पाहिलं. तिच्याही पुढ्यात पेडल होती.

"हे काय?"

"याच विमानात शिकवतात, म्हणून दोन्हीकडे आहेत. खालून दाबलं की नाक वळतं, वरून दाबलं की ब्रेक. तू लावू नकोस त्यांना पाय."

"मी कशाला लावतेय?"

विमान धावपट्टीकडे निघालं. कडेला एक माणूस गवत कापत होता. तो नुसता वळला, आणि विमान झटका खाऊन गवताकडे तोंड करून थांबलं.

धांदलीने इंजिनाचा आवाज उतरवला. "कोणी दाबलं?"

"मी नाही."

"आत दोघीच आहोत आपण."

"अगं, तो मधे आला असता."

"आला नव्हता. मला दिसत होता तो." धांदलीचा आवाज खाली होता आणि त्यात धांदल कुठेच नव्हती. हा आवाज ब्रेकबाईच्या ओळखीचा होता. शिकणाऱ्याचे हात थरथरायला लागले की ती स्वतः याच आवाजात बोलायची. "इथे दाबलंस तर गवतात जाऊ. खाली येताना दाबलंस तर विमान उलटेल. तुला उतरायचं असेल तर शेडपाशी सोडते, राग नाही. पण बसायचं असेल तर पाय मागे."

राग नाही म्हणाली म्हणजे खरंच राग धरला नसता. तेच ब्रेकबाईला जड गेलं. तिने सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवली आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

"पुरे?"

"पुरे."

विमान वर गेलं. धांदल एकेक दाखवत होती, नदी, पूल, दुकानाची गल्ली, शाळेचं मैदान. "दिसलं?" ती विचारायची. "दिसलं," ही म्हणायची.

खाली येताना वारा बाजूने होता. समोर धावपट्टी सरळ आणि विमानाचं नाक मात्र तिसरीकडेच.

"वाकडी चाललीयेस तू."

"मुद्दाम. वाऱ्याला तोंड दिलंय."

सीटखालून उजवा पाय निघाला. ब्रेकबाईने दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा पकडला आणि दुसऱ्याचं द्वाड पोर दाबून धरावं तसा दाबून धरला. जमीन जवळ येत होती. शेजारी धांदलीचे पाय मात्र आपले हलकेच चालले होते. शेवटच्या क्षणी नाक सरळ झालं. चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली आणि टिकली.

शेडपाशी विमानाचा पंखा थांबला तरी ब्रेकबाईने गुडघा सोडला नव्हता.

"कशी झाली?"

"एक उडी मारलीस."

"मारली खरी. आणि वरून कसं वाटलं? शाळा केवढीशी दिसली, नाही?"

हो म्हणणं सोपं होतं. "मी शाळा बघितली नाही," ती म्हणाली. "नदीही नाही. तुझे पाय बघत होते."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. चांगले चालतात." एवढं ती धांदलीला गाडी शिकवताना एकदाही म्हणाली नव्हती. "टाकीत तेल आहे?"

"आहे की."

"मग फिरव पुन्हा. या खेपेला खाली बघते. सीट मात्र आहे तिथेच राहू दे."