बाबांच्या बीपीची कडेची ओळ

माझ्या बाबांचा बीपी सरासरीनं एकदम नॉर्मल होता, आणि सरासरीनं नॉर्मल असतानाच त्यांना लकवा मारला. दोन्हीची जबाबदारी माझी. मी चंद्रपुरात अकरावी-बारावीला संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरचं वाटोळंही मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं करतो.

आई-बाबा सिंदेवाहीजवळच्या गावी राहतात. बाबांचा सारा जन्म धानाच्या सरकारी संशोधन फार्मावर मजुरीत गेला. वाफ्यातले चूड, म्हणजे रोपांचे झुबके मोजायचे, लोंबीतले दाणे मोजायचे, आकडे कागदावर मांडायचे. किती साहेब आले न गेले, बाबांची मोजणी कधी चुकली नाही. आणि अशा माणसाला, डॉक्टरांनी बीपी सांगितल्यावर, मी मशीन नेऊन मोजायचं कसं ते शिकवायला बसलो!

"दिवसातून तीनदा पट्टा बांधाचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वहीत लिहाचं. संध्याकाळी सात वाजता मी फोन करीन, तवा आकडा सांगाचा."

"एक सांगू का तिन्ही?"

वर्गात कोणी शंका विचारली की मी जसा खेकसतो, तसाच खेकसलो. "दिवसाचा आकडा पाह्यजे मले, बाबा! एवढं नाई समजत?"

"समजलं गा. वाफ्याचा काढतो तसा काढतो."

वाफ्याचा कसा काढतात, हे मी विचारलं नाही. मास्तर विचारत नसतो, सांगत असतो!

तेव्हापासून सोमवार ते शनिवार सातला फोन. "जय भीम बाबा. आकडा?" तब्येत नाही, जेवण नाही, गावातलं लग्न-मयत नाही. थेट आकडा! बाबा म्हणायचे, "एकशे अठ्ठावीस." मी आलेख-कागदावर ठिपका द्यायचो. ते पुढं म्हणायचे, "इकडं धानाचं रोवणं सुरू झालं बापू, अन् आपली गाय..." मी म्हणायचो, "उद्या बोलू बाबा, ठिपका देऊन राह्यलो," आणि कट! एकदा ठिपका एकशे चाळीसवर गेला, तर मी त्यांना पंधरा मिनिटं झाडलं. काय खाल्लं, लोणचं काऊन खाल्लं, मी इथी मरमर मरतो आणि तुम्ही लोणचं खाता! त्यानंतर ठिपके एका ओळीत शहाण्यासारखे बसले.

आलेख मी लॅमिनेट करून हॉलमध्ये टांगला. बायकोनं तो दोन मिनिटं पाहिला.

"माणसाचा बीपी एवढा सरळ राह्यते काय जी?"

"तुले प्रमाण विचलन समजते काय?"

"नाई. पण बाबा समजते मले."

(या बाईचं मी ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. तिनंही हे मला बऱ्याचदा सांगितलं आहे.)

तो लॅमिनेट केलेला आलेख घेऊन मी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नीट पाहिला. म्हणाले, "सुंदर आहे. मग एक गोळी कमी करून पाहू. सकाळ-संध्याकाळचे आकडेही यात धरलेत ना?"

"सगळे!" मी छाती काढून म्हणालो.

आणि बरोबर तेराव्या दिवशी मी तोच आलेख वर्गात फळ्याला टेकवून उभा होतो. "पाहा पोरांनो, विस्तार किती कमी! मध्य आणि मध्यक जवळजवळ एकच! याला म्हणतात स्थिर निरीक्षणं!" तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आई होती.

"बापू, तुया बाबाचं तोंड वाकडं झालं गा. चमचा हातात राहूनच नाई राह्यला."

आणि सगळ्या वर्गासमोर, आलेखावर बोट ठेवून, मी माझ्या आईला म्हणालो, "असं कसं होईल आई? काल एकशे सव्वीस होता!"

हे वाक्य मी खरंच बोललो. आज आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाबांचा उजवा हात गेला होता आणि वाचाही. मोजून मोजून घट्टे पडलेला हात नुसता चादरीवर पडून होता. डॉक्टरांनी जुने आकडे मागितले, तशी आईनं पिशवीतून वही काढली. सुबक रेघांनी तीन रकाने आखलेले. मधल्या रकान्यावर लिहिलं होतं, 'धरा'. दोन्ही बाजूंच्या रकान्यांवर, 'कड'. सकाळच्या कडेला एकशे साठ, एकशे पासष्ट. संध्याकाळच्या कडेला एकशे ऐंशी, एकशे नव्वद! पानोपानी!

"आई, हे कड काय आहे?"

"फार्मावर कडेची ओळ नाई मोजत ना बापू. बांधाजवळच्या धानाले ऊन-हवा जास्त भेटते, ते उगाच वाढते. मंधातलंच मोजाचं. तुये बाबा म्हणे, दिवसालेबी दोन कडा हायेत, सकाळ अन् संध्याकाळ. दुपारचा आकडा खरा. पोरगा एवढा शिकला, त्याले खराच आकडा द्याचा."

दुपारचा आकडा! म्हणजे जेवून, गोळी घेऊन, एक झोप काढून उठल्यावरचा!

मी बाकड्यावर बसून रडलो. ढसाढसा रडलो. चूक त्यांची नव्हतीच. त्यांनी विचारलं होतं, एक सांगू का तिन्ही.

घरी आल्यावर मी सगळे आकडे धरून नवा आलेख काढला. (दुसरं येतं काय मला!) संध्याकाळचे ठिपके पार कागदाच्या वर निघाले होते. पण एक गोष्ट कळेना. दर सातव्या दिवशी संध्याकाळचा ठिपका धपकन खाली. पाहतो तर तो रविवार. रविवारी मी फोन करत नसे. मास्तरला सुट्टी! वही घेऊन मी दवाखान्यात आईकडं गेलो.

"आई, संध्याकाळी सातले घरी काय होते?"

आईनं वही मिटली. मग म्हणाली, "काय होते? तुया फोन येते. साडेसहापासून पट्टा बांधून बसून राह्यते ते. आज पोरगा काय बोलन म्हणते."

बाबा आता गावच्या घरी आहेत; मी रजा टाकलीय आणि आम्ही दोघंही तिथंच आहोत. उजवी मूठ अजून मिटत नाही, शब्द तुटत तुटत येतात. मागच्या रविवारी मी त्यांच्यासमोर बसलो, नवा आलेख मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "चुकलं माझं, बाबा." त्यांनी डावं बोट त्या उंच ठिपक्यांवरून सावकाश फिरवलं. शेवटच्या ठिपक्यापाशी थांबले. मग तेच बोट उचलून माझ्या छातीवर टेकवलं आणि अर्ध्या तोंडानं हसले.

"क... कड," बाबा म्हणाले. "सो... सोड."

आई हसली. बायको तर पदर तोंडाला लावून आत पळाली. तेव्हापासून संध्याकाळचा पट्टा बायकोच बांधते, आणि आकडा येईस्तोवर संख्याशास्त्राच्या मास्तरला कडेची ओळ म्हणून घरामागच्या बांधावर नेऊन उभं करतात!