तुमच्या बाजूचं मीठ

आमचं शेत खाडीच्या बांधाला लागून होतं. बांधापलीकडे खारं पाणी, अलीकडे आमचा भात, आणि आमच्या शेताला खेटून धाकट्या जावेचा तुकडा. माझा दीर लवकर गेला. तेव्हापासून ती आणि तिच्या दोन मुली त्या तुकड्यावर वर्षभर जेवत होत्या.

नव्वदीच्या सुरुवातीला पनवेलच्या खाडीकडेच्या गावांत कोळंबीच्या तळ्यांचं वारं सुटलं. भातशेतात खाडीचं पाणी घ्यायचं, कोळंबी वाढवायची आणि मुंबईला धाडायची. पनवेलच्या बाजारातला एक व्यापारी आमच्या ओटीवर दोनदा येऊन बसला. दुसऱ्या वेळी पिशवीभर कोळंबी घेऊन आला, बोटाएवढी जाड. तो बोलेल तशी यांची मान हलत होती. मलाही मोह पडला नाही असं नाही. पावसात घर गळायचं, कौलं बदलायला झाली होती.

व्यापारी गेल्यावर मी विचारलं, "आणि जावेच्या भाताचं काय?"

"तिच्या शेताला कोण हात लावतोय? मधे बांध हाय ना."

"मातीचाच ना तो?"

"मातीचा असला म्हणून काय झालं? आपलं पाणी आपल्या बाजूला राहील. तुला काय कळतंय गो त्यातलं?"

मी चौथी शिकलेली. वाद घालत बसले नाही, कोळंबी सोलायला घेतली. संध्याकाळी जावेला हाक मारली, "आज इकडेच जेव."

कालवण ताटात पडलं. जावेनं एक घास खाल्ला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. यांनी डोळे वटारले.

"अगो, मिठागर ओतलंस काय पातेल्यात?"

"मी तुमच्याच बाजूला घातलं. तिच्या बाजूला चिमूटभर पण नाय."

"पातेल्यात कसल्या बाजू?"

"मधे शेवग्याच्या शेंगांचा बांध घातला होता ना. चांगल्या जाड शेंगा बघून लावल्या."

जाऊ खो खो हसत सुटली. तिला व्यापाऱ्याचं काहीच माहीत नव्हतं. मग मी तिला सांगितलं, तशी ती हसायची थांबली. यांच्याकडे बघत राहिली.

यांनी मान वर केली नाही. ताटातलं सगळं कालवण संपवलं. माणूस हट्टी, पण अन्न टाकणारा नव्हता. रात्रभर पाणी पीत बसले.

व्यापारी तिसऱ्यांदा आला तेव्हा हे ओटीवरूनच म्हणाले, "आमच्याकडे नाय जमणार. बायको मीठ फार घालते." त्या बिचाऱ्याला काही उमगलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आत निघून गेले.

कौलं पुढचे दोन पावसाळे गळत राहिली. मी गळतीखाली पातेली मांडायची आणि शहाणपणा केल्याबद्दल स्वतःलाच शिव्या द्यायची. आमच्या गावात दोघांनी तळी केली. एकानं पक्कं घर बांधलं, ते मी रोज बघत होते.

व्यापारी आला त्या वर्षीचा भात झोडून झाल्यावर जाऊ सूपभर नवे तांदूळ घेऊन आली. मी चुलीवर पेजेला आधण ठेवायला उठले, तर तिनं माझा हात धरला.

"तुमी बसा, बाय. पेज मी करते. मिठाला तुमचा हात नको."

हे ओटीवर होते. तिथूनच हसले, आणि हसता हसता खोकला लागला, म्हणून मला पाणी घेऊन जावं लागलं.