पाखरांवरची हाळी

गेमच्या फायलींमध्ये काय काय पडलेलं असतं ते खेळणाऱ्यांना दिसत नाही, हे बरंच आहे. मी पुण्यात एका गेम बनवणाऱ्या कंपनीत आवाजांचं काम करतो. अर्धवट नकाशे, रद्द झालेली पात्रं, साहेबांना घातलेल्या शिव्या, कुणाच्या तरी घाणेरड्या थट्टेची चित्रं, सगळं आत तसंच राहतं. खेळात ते कुठेच येत नाही, पण काढतही कुणी नाही. काढलं आणि भलतंच काही बंद पडलं तर निस्तरणार कोण? केर सतरंजीखाली लोटायचा आणि घर झाडलं म्हणायचं, तसलं हे काम. मला त्याची किळस येते. त्यात मी चार वर्षं मजेत होतो याची जास्त येते.

आम्ही शेतीचा एक गेम करत होतो. ज्वारीवर पाखरं उतरली की ती हाकलायचा आवाज हवा होता. मी ऐटीत सांगितलं, खरा आवाज आणतो. भोकरदनजवळच्या आमच्या गावात माझ्या काकूने उभी हयात ज्वारीतल्या माळ्यावर चढून पाखरं राखली. तिची हाळी तीन शेतं ओलांडून जायची. काका गेल्यावर ती मुलाकडे, जालन्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती.

तिला गावी घेऊन गेलो. आमच्या रानातलं सोयाबीन निघालं होतं, सगळं रिकामं. मी माइक धरला तर ती गप्प.

"पाखरं न्हाईत तं कोणावर वरडू?" ती म्हणाली.

किती समजावलं, ती ऐकेना. शेवटी जीपमध्ये बसून जाफराबादकडच्या एका सोयऱ्यांच्या शेतात गेलो. तिथे ज्वारी हुरड्याला आली होती आणि पाखरंही होती. तिथे मात्र तिने पदर खोचला आणि अशी हाळी दिली की हेडफोनमधून माझ्या कानठळ्या बसल्या. पाखरांच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग बांधावर बसून दम खात बोलत राहिली. सून म्हणते हळू बोला, शेजारी हसतात. आता घरात चोरासारखं बोलावं लागतं. बरं झालं, या आवाजाचं कुठंतरी काम निघालं. माइक चालूच होता.

पुण्यात साहेबांना ती हाळी कर्कश वाटली. तिच्या जागी विकत घेतलेली शिट्टी बसवली गेली. काकूचा आवाज फायलींमध्ये पडून राहिला, बांधावरच्या बोलण्यासकट, कारण ते कापायचा मी कंटाळा केला होता. वर मीच फाइलला नाव दिलं, 'खेकसणारी म्हातारी'. ऑफिसात कुणाचं काम चुकलं की ती वाजवायची, अशी टूम निघाली. सगळे खिदळायचे. मीही खिदळायचो.

गेम बाजारात आला तेव्हा काकू नातीच्या मोबाइलवर पाखरं उतरायची वाट बघत बसायची. शिट्टी वाजली की मला फोन. माझा आवाज कधी येणार, एवढंच विचारायची. मी म्हणायचो, पुढच्या अपडेटला येईल. असं मी तिला तीनदा तरी सांगितलं असेल.

मग गेमच्या फायली उकरायचा नाद असलेल्या कुणीतरी ती फाइल शोधून काढली आणि इंटरनेटवर टाकली, नावासकट. खाली हसणाऱ्यांची रीघ लागली. घरात चोरासारखं बोलावं लागतं, या वाक्याचे तर लोकांनी विनोद केले. ते सगळं मी खालपर्यंत वाचलं. आणि डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की नाव कुणी दिलं ते बाहेर कळणार तर नाही ना. इतका मी घाणेरडा निघालो.

सुट्टी काढून जालन्याला गेलो. घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. चुलतभाऊ दोन शब्द बोलून खाली निघून गेला. काकूला वाचता येत नाही, पण नातीने तिला फाइलचं नाव वाचून दाखवलं होतं. तिने मला जेवायला वाढलं, समोर बसली, आणि त्या घरात बोलायच्या दबक्या आवाजात विचारलं, "नाव कोणी ठिवलं रे?"

"ऑफिसातल्या पोरांनी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मला वाटलं, कळलं हिला. पण तिला माझीच काळजी लागली होती.

"मंग तू त्यांच्यात राहू नको, बाबा," ती म्हणाली. "लई वंगाळ लोकं हायेत ते. तुला बी असंच हसत असतील."

मी मान हलवली. तिने ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि मी ती खाल्ली.