मुका मायक्रोफोन

लॅपटॉपमधला धडधाकट मायक्रोफोन लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, मुका का होतो, हा प्रश्न मी सोडवायला घेतला. निमित्त घरातच होते. पाय मोडल्याने शाळा बुडालेल्या ईश्वरीला माझी पत्नी लॅपटॉपवरून गणित शिकवते. परवा पडद्यावर ईश्वरी म्हणाली, “बाई, नुसते ओठ हलतायत. अगदी माशासारख्या दिसताय.” हिने हसून पाटीवर उत्तर लिहून दाखवले. मला हसू आले नाही.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला विचारले, तर उत्तर आले, ‘लिनक्सला आमचा पाठिंबा नाही.’ पाठिंबा मागितला कोणी? मायक्रोफोन आत कसा जोडला आहे, एवढेच विचारले होते, आणि ते त्यांना ठाऊक होते. शिकवणाऱ्याला गप्प करायला तोंडावर हात ठेवावा लागत नाही. एक ओळ न सांगणे पुरते. मायक्रोफोनची जोडणी सांगणारी ती ओळ कुण्या अनोळखी माणसाने चाचपडत शोधून इंटरनेटवर ठेवली होती. मी ती संगणकात भरली आणि आवाज पोहोचला. “हं, आता बाई वाटताय,” ईश्वरी म्हणाली.

वस्तू विकून तिची माहिती दडवणे, याला मी व्यवसाय म्हणत नाही, अडवणूक म्हणतो. पण माझ्या शब्दावर विसंबू नका. लॅपटॉप घेताना दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, एक वाक्य बोलून रेकॉर्ड करा आणि ते परत ऐकू येते का, हे स्वतः तपासा.