वाइंडिंगवाल्या आपा

जळालेली मोटर हातात आली की आपा आधी ती नाकाशी धरायच्या. मग आणणाऱ्याकडे असं बघायच्या की तो आपोआप एक पाऊल मागे सरकायचा. "जली नहीं," त्या म्हणायच्या, "जलायी."

नवापुरातलं मोटर वाइंडिंगचं दुकान नवऱ्यामागे त्यांनी एकटीनं चालवलं. मी कोंबड्यांचा डॉक्टर. आमच्याकडे पोल्ट्रीचे पंखे पिसं आणि धूळ खाऊन जळतात, आणि उन्हाळ्यात पंखा बंद पडला की कोंबड्या बघता बघता माना टाकतात. त्यामुळे आपांचे टोमणे सोसण्यावाचून कुणालाच गत्यंतर नव्हतं.

मी जुनी हायब्रीड गाडी घेतली, तेव्हा पेट्रोल किती कमी लागतं हे गावभर सांगत सुटलो होतो. तिसऱ्या वर्षी लाल दिवा लागला. सुरतच्या सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या साहेबानं गाडीकडे धड न बघताच मोठी बॅटरी बदलायला सांगितली. खर्च जवळजवळ मी गाडीला मोजलेल्या पैशांएवढा. कॉफी मात्र त्यानं फुकट पाजली.

परत येऊन आपांपुढे रडगाणं गायलो. त्यांनी एकच विचारलं, "इतनी बड़ी बैटरी को ठंडा कौन करता है?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं! गाडीचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. मागच्या सीटजवळ हवा ओढणारी जाळी, तिच्यामागे छोटा पंखा. त्याच जाळीला टेकवून मी रोज पिल्लांचे खोके रचत होतो. आपांनी शेजारच्या गॅरेजवाल्याकडून आधी बॅटरीचा मेन खटका काढून घेतला, मग पंखा बाहेर आला. पिसांचा अख्खा गोळा.

"डॉक्टर, मुर्गी की नाक बंद हुई तो तुमको समझता है. गाड़ी की नहीं समझती?"

पंखा साफ झाला, बेअरिंग बदललं, दिवा गेला. गाडी अजून चालते.

शेठची तऱ्हा वेगळी. गावातला सगळ्यात मोठा पोल्ट्रीवाला. आपांचं निम्मं काम त्याच्याच शेडचं. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून तो दुकानासमोर थांबून ऐकवायचा, "आपा, मन्ही गाडीले खर्चच नही शे. ना ऑइल, ना फिल्टर."

आपा तारेवरची नजर न हलवता म्हणायच्या, "टायर भी नहीं घिसते क्या?"

झिजत होते. वजनदार गाडी टायर खात होती आणि शेठ ते गपचूप सुरतेला जाऊन बदलून आणायचा. काही वर्षांनी गाडी एका चार्जमध्ये सुरतेला जाऊन परत येईना. बॅटरीची एवढी घट वॉरंटीत बसत नाही, असं कंपनीनं कळवलं. शेठ आपांकडे आला. बॅटरी फोडा, कमजोर सेल तेवढे बदला.

"पंखा बोलो, मोटर बोलो. बैटरी खोलने में जान जाती है."

"डॉक्टरनी गाडी करी ना तुमी? मन्ही का नही?"

"उनका पंखा था, शेठ. आपका लालच है."

दुसऱ्या दिवसापासून शेठचे सगळे पंखे हद्दीपलीकडे, गुजरातेत, स्वस्तातल्या दुकानात जाऊ लागले. आपांनी मदतीची बाई कमी केली. शेठकडे मात्र त्या एकदाही गेल्या नाहीत.

मे महिन्यात ते स्वस्त वाइंडिंग उन्हाला टिकलं नाही. एका दुपारी शेठच्या चार शेडचे पंखे जळाले. मोटरींनी भरलेली पिकअप आपांच्या दारात लागली. मागे शेठ, गाडीतच बसून.

मी म्हणालो, "आपा, बसू द्या त्याला तसाच."

"मुर्गी ने क्या बिगाड़ा?" म्हणत त्यांनी जळकी तार कापायला घेतलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत त्या पाटावरून उठल्या नाहीत. मध्येच शेठला चहा पाठवला, माझ्याच हाती. त्यानं चार बोटं काच खाली केली, कप आत घेतला आणि एसी वाया जाऊ नये म्हणून काच लगेच वर केली.

त्या हिवाळ्यात आपा गेल्या. शेठ आला नाही. मे महिन्यात कोंबड्यांबरोबर ज्यांची मजुरीही वाचली होती, त्या त्याच्या शेडवर राबणाऱ्या डोंगरातल्या चार बाया मात्र काम टाकून पायी आल्या आणि दुकानाच्या बंद शटरसमोर उभ्या राहिल्या. आपांचं घर कुठे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी पुढे झालो, त्या मागून निघाल्या.