आय-लिआसच्या घंटेनंतर एक तास

आमच्या गावातून कुणी एकटा टेकडीवर गेला की वर पोचल्यावर घंटा वाजवतो. तीन टोल. पायवाट अर्ध्यावर कड्याच्या आड वळते, तिथून पुढे खालच्यांना वरचा दिसत नाही, म्हणून ही पद्धत. वर जुन्या किल्ल्याच्या भिंती आहेत आणि भिंतींच्या आत आय-लिआस या संताचं चर्च, दहा माणसं उभी राहिली तर अकराव्याने बाहेर थांबावं एवढंसं. टोल ऐकू आले की खालची माणसं म्हणतात, पोचला, आणि आपापल्या कामाला लागतात. नाही ऐकू आले तर चार जण शोधायला निघतात. म्हणजे निघायचे. हिवाळ्यात गावात आम्ही अकरा जण उरतो आणि त्यातल्या सातांना घराचा जिना चढवत नाही.

सारांदोस दर शनिवारी दुपारी वर जायचा, चर्चमधला तेलाचा दिवा लावायला. किल्ली त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आलेली. शहात्तर वर्षांचा झाला तरी एक शनिवार चुकवला नाही. खांद्याला पिशवी, पिशवीत तेलाची बाटली, वाती आणि लाल रंगाचा एक डबा. वाट चुकू नये म्हणून दगडांवर लाल ठिपके दिसतात ना, ते त्याचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. पावसाने पायवाटेचा बांध ढासळला की हाच बसून दगडावर दगड रचायचा. आम्ही एका शाळेत होतो. तेव्हाही हा बाकावर एकटाच बसायचा, आणि शेजारी कुणी बसलं तर दप्तर उचलून दुसरीकडे जायचा. असा तिरसट.

त्याची बायको पागोना होती तोवर ती गच्चीत उभी राहून घंटेची वाट बघायची. मला हसू यायचं. ती म्हणायची, "लेमोनिया, मी डोळे मिटून सांगेन हा आमचाच. दोन टोल देतो, मग दम खातो, मग तिसरा." नऊ वर्षांपूर्वी पागोना गेली. पुढच्याच शनिवारी तीन टोल पडले. दोन, आणि थांबून एक. मी दुकानात कप पुसत होते, हात तसाच राहिला.

कधीतरी मी विचारलं, "आता कुणासाठी वाजवतोस रे?"

"सवय," तो म्हणाला.

माझं चौकातलं कॉफीचं दुकान. पागोनानंतरच्या त्या शनिवारपासून टोल पडले की मी घड्याळ बघायची. वर दिवा, धूप, भिंतीवर बसून एक सिगारेट, मग उतरण. बरोबर एक तास. तासाने मी कॉफी गॅसवर ठेवायची, फेस वर आला की हा दारात. त्याला वाटायचं माझ्याकडे कॉफी नेहमी तयारच असते. मी कधी बोलले नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या शनिवारपासून यायचाच बंद झाला असता. आणि खरं सांगू, मलाही लाज वाटत होती. बाहत्तराव्या वर्षी एका घंटेसाठी आठवडा काढायचा, हे कुणाला सांगणार?

गेल्या काही वर्षांत वसंतात आणि शरदात परदेशी लोक यायला लागले. दोन हातांत दोन काठ्या, पाठीवर पिशव्या, चेहऱ्याला पांढरं मलम. किल्ला बघायला चढतात, वरून समुद्राचे फोटो काढतात, उतरून माझ्याकडे लिंबाचं सरबत पितात. मला बरं वाटायचं. माणूस दिसतो, बोलायला होतं. मी प्रत्येकाला हातवारे करून सांगायची, वर पोचलात की तीन टोल द्या, म्हणजे मला कळेल. त्यांनाही गंमत वाटायची. वरून टोल आले की मी खालून फडकं हलवायची, जसं काही त्यांना दिसणारच होतं.

सारांदोसला ते कळलं तेव्हा काउंटरवर कप आपटून म्हणाला, "ती घंटा म्हणजे तुझ्या दुकानाची पाटी नाही."

"तुझ्या बापाचीही नाही," मी म्हटलं. "देवाची आहे. देवाला चालतं."

"एक दिवस या घोळात कुणीतरी मरेल."

"मेलं तर तुझ्या दोन शब्दांनी मरेल. महिन्यात दोनच बोलतोस, तेही असले."

तो उठला आणि कॉफी अर्धी टाकून गेला. माझं तोंड फाटकं, हे मला माहीत आहे. ऑक्टोबरातला मंगळवार होता तो. शनिवारपर्यंत तो चौकात फिरकला नाही.

शनिवारी दुपारी दोन डच बायका आल्या, साठीच्या, हसऱ्या. मला अजून राग होता. मुद्दाम, त्याच्या नाकावर टिच्चून, मी त्यांना सांगितलं, घंटा वाजवा हं, तीन वेळा. त्या निघाल्या. थोड्या वेळाने सारांदोस पिशवी घेऊन समोरून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

चार वाजता टोल पडले. तीन, लागोपाठ, धाडधाड. मध्ये दम नाही, काही नाही. मला ते जाणवलं. देवाशपथ जाणवलं. आणि मी काय म्हटलं असेन मनाशी? त्या दोघींना मीच सांगून पाठवलंय हे रागात विसरलेच; म्हटलं, बघा, राग घंटेवर काढतोय. मी घड्याळ बघितलं.

पाचला कॉफी ठेवली. फेस आला. दारात कुणी नाही. दहा मिनिटं गेली, कॉफी निवली. म्हटलं, रुसलाय, मागच्या गल्लीने घरी गेला असेल. कॉफी मोरीत ओतली आणि भांडं इतक्या जोरात घासलं की दांडा वाकला. साडेपाच झाले असतील, तेव्हा त्या दोघी उतरून आल्या. मी खुणेने विचारलं, वर म्हातारा दिसला? टोपीवाला, पिशवीवाला? त्यांनी माना हलवल्या. कुणीच नव्हतं. चर्चचं दार? बंद. खिडकीतून डोकावलं का? हो, आत अंधार होता.

मी खुर्चीवर बसले आणि लगेच उठले.

शहरात अग्निशमनवाल्यांना फोन केला, डोंगरात अडकलेल्यांना तेच सोडवतात; ते म्हणाले तास तरी लागेल. मी नऊ वर्षांत टेकडी चढले नव्हते. एकीने तिच्या काठ्या माझ्या हातात दिल्या आणि दोघीही माझ्याबरोबर परत फिरल्या. मी वाटभर हाका मारत होते. लाल ठिपक्यांच्या वाटेवर तो नव्हता. कड्यापाशी मला सुचलं, पुढे परदेशी असतील म्हणून हा खेचरांच्या जुन्या वाटेने गेला असणार. तिकडे वळले. ऊन जायला आलं होतं.

"किती ओरडतेस," खालून आवाज आला. "शेळ्या पळून जातील."

पायाखालचा बांध सुटून तो खालच्या टप्प्यावर पडला होता. पाय खुब्यापासून भलतीकडे वळलेला. पिशवी शेजारी, लाल रंग सगळा दगडांवर सांडलेला. आधी मला ते रक्तच वाटलं. मी त्याच्याजवळ बसले आणि रडायला लागले. आता कशाला लपवू?

"कधी पडलास?"

"चारच्या आधी." ओठ सुकले होते त्याचे. डच बाईने पाणी पाजलं. "पडलो तेव्हा म्हटलं, घंटा वाजणार नाही, कुणाच्या तरी लक्षात येईल. आणि तेवढ्यात वाजली."

मी त्याच्या चेहऱ्यावरची धूळ पुसली.

"तीन टोल ऐकले आणि म्हटलं, झालं. आता कुणी येत नाही." त्याने आणखी एक घोट घेतला. "मग वाटलं, नसती वाजली तरी कोण येणार होतं? पागोनानंतर ती कोण ऐकतंय?"

"मी ऐकते, मूर्खा," मी म्हटलं. "नऊ वर्षं ऐकते. तुझी कॉफी काय आपोआप उकळते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तरीच. कधी गार नसायची." आणि मान दुसरीकडे वळवली. स्ट्रेचर येईपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही.

शहरातल्या हॉस्पिटलात खुब्यात लोखंड घातलं. मग त्याची मुलगी मातीना येऊन त्याला पिरेयस शहरात आपल्या घरी घेऊन गेली, चौथ्या मजल्यावर. तिचंही बरोबर आहे, इथे त्याचं कोण करणार? निघताना गाडीतूनच त्याने खिशातली किल्ली काढून मला दिली. "तिसऱ्या टोलाआधी दम खा," एवढंच म्हणाला.

आता परदेशी लोकांना मी घंटेचं काही सांगत नाही. दोरी आत ओढून दाराच्या कडीला बांधून ठेवते.

पहिल्या शनिवारी दुकान बंद करून निघाले. गुडघे बोलत होते. दोन तास लागले, त्याला एक लागायचा. पोचल्यावर आधी घंटेपाशी गेले. दोरी ओढली. दोन टोल. थांबले. खाली गाव दिसत होतं, माझ्या दुकानाचं छप्पर दिसत होतं. मग तिसरा दिला. आत जाऊन दिवा लावला, धूप लावला. भिंतीवर बसले, सिगारेट मी ओढत नाही, नुसतीच बसले.

उतरून आले तेव्हा चौकात कुणी नव्हतं. दुकानाला मी लावलेलं कुलूप तसंच होतं. कुलूप काढलं, दिवा लावला. गॅसवर वाकड्या दांड्याचं भांडं सकाळी पालथं घातलं होतं तसं पालथं होतं. मी घड्याळ बघितलं. घंटेला तास होऊन गेला होता आणि कॉफी कुणी ठेवली नव्हती.