उन्हात कापड दाखवणारे फूलचंदशेठ

फूलचंदशेठ या महिन्यात वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत आणि दुकानाच्या दारात उन्हात उभे राहणे त्यांनी सोडले आहे. पहिल्या बातमीला शाळेच्या दाखल्याचा आधार आहे. दुसरी त्यांच्या पत्नी कंचनकाकींनी मला फोनवर पक्की करून दिली. "डॉक्टरांनी सांगितलंय, मी सांगितलंय, सुनेनं सांगितलंय," असे त्या म्हणाल्या. तेवढ्यात मागून शेठजींचा आवाज आला, "मी काई कबूल केलेलं न्हाई बरं का!" हा गौरवग्रंथ असल्यामुळे दोन्ही बाजू छापणे मला भाग आहे.

शेठजी उन्हात का उभे राहत, हे सेलूबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. सेलूत कापडाची दुकाने पुष्कळ. पण गावातल्या आणि आसपासच्या सगळ्या धर्मांच्या आज्या शेठजींच्याच दुकानाची पायरी चढतात. या आज्यांचे देव वेगळे, सण वेगळे, कापडाचे रंग वेगळे. प्रश्न मात्र एकच: "ह्याच्यातून आरपार दिसतं का?" इतर दुकानदार "छे छे, आजी" म्हणून तागा गुंडाळू लागतात. शेठजी उठतात, कापड अंगाभोवती लपेटून घेतात आणि पश्चिमेच्या दारात उन्हाकडे पाठ करून उभे राहतात. आजी आत बसून बघतात. "बघा. दिसलं तर माझं, न्हाई दिसलं तर तुमचं," हा त्यांचा व्यवहार.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी परभणीच्या एका दैनिकाचा नवा वार्ताहर म्हणून सेलूत आलो होतो आणि जाहिरात मागायला दुकानात शिरत होतो. दारात काळ्या कापडात गुंडाळलेली एक उंच आकृती उभी होती. खाली धोतराचा सोगा आणि वहाणा होत्या. आतून एका म्हातारीचा करडा आवाज आला, "शेठ, धोतर दिसायलंय."

"कोणत्या बाजूनं?" आकृतीने विचारले.

"दोन्ही बाजूनं. ह्ये कापड हाय का चाळणी?"

आवाज बिस्मिल्लाबींचा होता. गाव त्यांना नानी म्हणते. शेजारी त्यांची नात तस्लीम मान खाली घालून बसली होती. मुलगी बारावी झाली होती, तिला रोज रेल्वेने परभणीला जाऊन बी.एस्सी. करायचे होते. वडील रिक्षा चालवत. त्यांनी निर्णय आपल्या आईवर सोपवला होता आणि आईने म्हणजे नानींनी जाहीर केले होते की पोरगी परभणीला जाईल, पण आपल्या पसंतीला उतरलेल्या कापडाचाच बुरखा घालून. तस्लीमला बुरख्याचे काही नव्हते. तिला जाड कापड नको होते, कारण बारावीच्या पेपरला त्यानेच तिला चक्कर आली होती. प्रवेशाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. शिवायला दर्जी थांबला होता. अडले होते ते कापडावर.

जॉर्जेट असे बाद झाले. शेठजींनी क्रेप लपेटले. उन्हातून काही दिसेना, पण वाऱ्याची झुळूक आली आणि नानी म्हणाल्या, "अंगाला चिटकायलंय. तुमचं पोट दिसायलंय."

"पोट तर बिगर कापडाचंबी दिसतंय नानी, त्याला मी काय करू?"

"कमी खा," नानी म्हणाल्या.

कंचनकाकी गादीवरून हसल्या. मग नानींनी स्वतःच फडताळातले जाड टेरिकॉट दाखवले. शेठजी ते पांघरून उभे राहिले. नानींनी पुढून पाहिले, बाजूने पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "हां! ह्येला म्हणतात कापड." तस्लीमचे डोळे भरून आले. नानी शिलाई, अस्तर, बाह्यांची लांबी यांविषयी बोलत राहिल्या आणि शेठजी ग्राहकाने बस म्हणेपर्यंत न हलण्याच्या आपल्या नियमाप्रमाणे उभे राहिले. जून महिना होता, पावसाचा पत्ता नव्हता. बोलता बोलता ती काळी आकृती हळूहळू खाली आली आणि पायरीवर बसली.

एकच धावपळ झाली. नानींनी आपल्या पिशवीतली बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली. शेठजींनी तोंड फिरवले. "आज चौदस हाय. उकळून गार केलेलंच चालतं."

"मरायला टेकले अन् पाणी निवडायलेत!" नानी ओरडल्या. मग थबकल्या. "म्हंजे रोजा हाय का तुमचा?"

"तसलाच. आमचा जैनांचा चौदसचा उपास," काकी आतून उकळलेल्या पाण्याचा तांब्या आणत म्हणाल्या. "सकाळपासून पोटात अन्नाचा कण न्हाई. मलाबी तुमच्या नादात विसर पडला."

नानींनी ती बाटली बंद केली आणि तो तांब्या काकींच्या हातून घेऊन स्वतः शेठजींपुढे धरला. तेव्हा प्रथमच तस्लीमचा आवाज ऐकू आला. "नानी, शेठजी एवढ्याशा वेळात खाली बसले. मला सकाळच्या गाडीपासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत घालायचंय."

नानींनी टेरिकॉटचे टोक बोटांत धरून चोळले. "दुसरं काय हाय?" त्यांनी विचारले.

काकींनी निदाचा, म्हणजे बुरख्याच्या हलक्या पण दाट विणीच्या कापडाचा, तागा काढला. शेठजी उठायला लागले, तेव्हा नानींनी त्यांना दटावून खाली बसवले, कापड आपल्याच अंगाभोवती घेतले आणि त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आता बघणारे आम्ही होतो. मी रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड केले.

"काय दिसायलंय?" नानींनी विचारले.

"काहीच न्हाई," काकी म्हणाल्या.

"नीट बघा. दुसऱ्या दुकानदारांवानी ग्राहकाला खूश करू नका."

"काहीच दिसत न्हाई नानी," तस्लीम म्हणाली. "हवा लागायलीय का पण?"

नानी बराच वेळ उभ्या राहिल्या. "लागायलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "कापा."

दुसऱ्या दिवशी तस्लीमने प्रवेश घेतला. जाहिरात मात्र मला मिळाली नाही. "आमची जाहिरात दारातच उभी असते," असे शेठजींनी सांगितले.

त्यांची भोवळ खरी होती की नाटक, यावर गावात आजही दोन पक्ष आहेत. काकी खरीच होती असे सांगतात. शेठजी या प्रश्नावर हसतात. त्यांचे थोरले चिरंजीव दुकानात पुतळे आणायच्या मागे होते, तेव्हा शेठजी एवढेच म्हणाले, "पुतळ्याला घाम येत न्हाई." पुतळे आले नाहीत.

शेठजींचा मोठेपणा मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतो. मी एकदा त्यांना विचारले, "या आज्यांना सांगत का नाही, की काळ बदलला?" ते म्हणाले, "ते तुमी पेपरात छापा. माझ्याकडं बाई कापड मागायला आली की मी कापड दाखवतो." कोणाच्या नियमाला ते हसले नाहीत आणि त्या नियमापायी कोणी घुसमटू नये, याचीही काळजी त्यांनीच घेतली.

याचा लाभ माझ्या आईलाही झाला. तिचा उजवा हात मोडला, लुगडे नेसता येईना. गाऊन घालायला ती तयार नव्हती. "पदर न्हाई त्ये कापड बाईचं न्हाई," असे सांगून ती दोन दिवस चादर पांघरून बसली. मी शेठजींकडे गेलो. त्यांनी मऊ सुती कापडाचा गाऊन शिवून घेतला आणि त्याच्या खांद्याला त्याच कापडाचा लांबरुंद पदर जोडून दिला. डॉक्टर आले, तेव्हा आईने डाव्या हाताने पदर डोक्यावर घेतला आणि मग त्यांना प्लास्टर दाखवले. हा प्रकार पाहून गल्लीतल्या आणखी काही जणींनी, हात धड असताना, तसला गाऊन मागवला. शेठजी त्याला 'बारसं न झालेलं बाळ' म्हणत, कारण नाव सुचत नव्हते. अजूनही त्याला नाव नाही, पण तो खपतो.

तस्लीम मॅडम आता परभणीत रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्या वर्गातल्या चारठाणा गावच्या दोन बहिणींना पुढे शिकायचे आहे. त्यांच्या आजींची अट अशी की ड्रेस पूर्ण बाह्यांचा हवा आणि ओढणी डोक्यावरून तसूभरही घसरता कामा नये. मुलींची अट अशी की ओढणीला पिना टोचून मान जखडून घ्यायची नाही. नानींच्या मते या आजी त्यांच्याहूनही कडक आहेत आणि नानी अशी कबुली सहसा देत नाहीत.

शेठजींना निरोगी आयुष्य लाभो, ही आपणा सर्वांची इच्छा आहे. किती लाभावे, याचा हिशोब मी मांडत नाही. जिल्ह्यात अटी घालणाऱ्या आज्या आणि पुढे शिकू पाहणाऱ्या मुली अजून पुष्कळ आहेत, त्या सगळ्यांना पुरेल एवढे लाभो. मुलींच्या प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपते. चारठाण्याच्या आजी बुधवारी दुपारी दुकानात येणार आहेत आणि कंचनकाकींनी त्या दिवशी शेठजींना सकाळीच पोटभर जेवायला घालायचे ठरवले आहे.